ओढ्याच्या अलीकडे

करमाळ्याकडचे सुभेदार हिंदुराव झिंजाडे यांना लढाईवर बोलणाऱ्या माणसांचा भारी राग. ज्यानं लढाई पाहिली त्यानंच तिच्यावर बोलावं, आणि ज्यानं पाहिली तो सहसा बोलत नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. फौजेतून सुटल्यावर ते सोलापूरच्या एका कॉलेजात एन.सी.सी.चं सामान सांभाळायला लागले होते. कँटीनमध्ये एखादे प्राध्यापक एकाहत्तरच्या युद्धावर तावातावानं बोलायला लागले, की सुभेदार अर्धा चहा तसाच टाकून उठायचे.

अशा माणसाच्या खोलीत संख्याशास्त्राच्या विजयमालाबाई आल्या आणि म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, मी यंत्राला लढाई शिकवतेय. जरा चुका काढून द्याल का?"

"यंत्राला?" सुभेदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कवायत तरी येती का त्याला?"

"तीही शिकवू," बाई म्हणाल्या आणि सरळ स्टूल ओढून बसल्या. राग नाही, लाजणं नाही. सुभेदारांना तिथंच त्या थोड्या आवडल्या, पण ते कबूल करायला त्यांना पुढं दोन महिने लागले.

यंत्र म्हणजे पुण्याच्या एका संस्थेतला खोलीएवढा संगणक. त्याला बोललेलं कळत नाही, लिहिलेलं कळत नाही. पुठ्ठ्याच्या कार्डांवर पाडलेली भोकं तेवढी कळतात. बाईंना त्यावर महिन्यातून एकदा वेळ मिळायचा. इतरांना त्या भोकांचं मोठं नवल वाटे, बाईंना अजिबात नाही. त्यांचे वडील मल्लय्या चादरींच्या मागाची नक्षीकार्डं कापायचे. कार्डाला भोक असलं की धागा उचलला जातो, नसलं की खाली राहतो, आणि अशी शेकडो कार्डं ओळीनं गेली की चादरीवर मोर उतरतो. पोर लहानपणापासून ती भोकं बघत वाढलेली. पुण्याचा संगणक तिला बापाच्या मागाचा चुलतभाऊच वाटला.

तिनं यंत्रासाठी मांडलेला लढाईचा खेळ असा होता. नकाशाचे चौकोन, दोन बाजूंच्या दोन तुकड्या. कोण कुठं सरकतं ते माणसानं सांगायचं. कोणाला कोण दिसलं, गोळी लागली की हुकली, ते यंत्रानं ठरवायचं. सुभेदारांनी पहिला छापील निकाल वाचला आणि पोट धरून हसले.

"बाई, तुमचे जवान दमत न्हाईत व्हय? भिजल्या नांगरटीतनं पळत गेले आन लगेच नेम धरला! आन ही मशीनगन. सकाळपास्नं वाजतीया, नळी बदलायची न्हाय का तिची?"

बाई सगळं लिहून घेत. दुसरं कुणी असतं तर तोंड पाडून बसलं असतं. ही बाई पुढच्या आठवड्यात नवे प्रश्न घेऊन हजर. पाठीवर ओझं असताना ओल्या रानात माणसाचा वेग किती उरतो? जवळ गोळा फुटला की माणूस किती वेळ डोकं वर काढत नाही? शेजारचा पडला तर हुकूम ऐकू येतो का? नोकरीभर सुभेदारांनी मोठमोठे अधिकारी पाहिले, पण हे शेवटचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"ऐकू येतो," ते म्हणाले. "पर कळत न्हाय."

बाईंनी तेही नियमात बसवलं. आता जवान दमत होते, घाबरत होते, कधी हुकूम ऐकून तसेच पडून राहत होते. निकाल वाचताना सुभेदारांना हसू येईना. त्या कागदाच्या भेंडोळ्यातून त्यांना ओल्या मातीचा वास यायला लागला. हाडाची मास्तरीण, बंदूक हातात धरली नाही, आणि काय डोकं म्हणावं हे!

एक दिवस बाई म्हणाल्या, "एखादी खरी चकमक द्या. यंत्राचं उत्तर खऱ्याशी जुळतं का बघू."

सुभेदारांनी ओढा दिला, त्यांच्या तुकडीनं लढलेला. का दिला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कारण होत्या मंद्रूपच्या सोजरबाई. त्यांचा मुलगा भीमा सुभेदारांच्या तुकडीत होता, ओढ्यावर गेला. सोजरबाई काही कामानं सोलापुरात आल्या की कॉलेजात डोकावत, बाजरीच्या चार भाकरी फडक्यात बांधून आणत आणि तोच एक प्रश्न विचारत. "सुभेदार, तुमी तितं थांबला कशापायी?" आवाजात राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं! दर खेपेला सुभेदार म्हणायचे, "धुकं हुतं, मावशी." आणि त्या गेल्यावर ती भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

धुकं होतंच. पहाटे ओढा ओलांडायचा होता. मागून रणगाडे यायचे होते, ते आले नाहीत. वायरलेस मुका झालेला. पलीकडं शत्रू किती, काही पत्ता नाही. सुभेदारांनी एका जवानाला बघून यायला पलीकडं पाठवलं आणि बाकीच्यांना काठावर रोखून धरलं. तो जवान भीमा होता. त्याला यायला उशीर झाला. धुकं विरलं, लांबच्या तोफांना काठ दिसला आणि गोळे पडायला लागले. काठावर तिघं गेले. भीमा परतताना ओढ्याच्या पाण्यात गेला. नंतर कळलं की पलीकडचा काठ मोकळाच होता. शत्रू रात्रीच उठून गेला होता.

आता हे त्या माउलीला कसं सांगायचं? तुझ्या भीमासाठी थांबलो आणि तिघांचे जीव गेले, असं? तिच्या दुःखाचं गाठोडं कमी होतं म्हणून त्यावर आणखी तीन घरांचं ठेवायचं? त्यापेक्षा धुकं बरं. पण मनाच्या तळाशी सुभेदारांना भलतीच भीती होती: आपण थांबलो हेच चुकलं असेल तर? एखाद्यानं ते छातीठोक सांगावं, इकडचं नाहीतर तिकडचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंना त्यांनी सगळं सांगितलं, फक्त पाठवलेल्या जवानाचं नाव सांगितलं नाही.

पुण्याहून निकाल आला. यंत्रानं तीच लढाई पुन्हा पुन्हा खेळली होती आणि दर वेळी एकच म्हणत होतं: न थांबता पुढं जा, एकही माणूस मरत नाही.

सुभेदारांचा चेहरा उतरला. मग भडका उडाला. "मंग चौघं मीच मारले म्हना की! यवढं सांगायला पुन्याला कशाला जावं लागतंय?" कागद भिरकावून ते बाहेर पडले आणि व्हरांड्यात कठड्याला धरून उभे राहिले.

बाई मागोमाग आल्या. "यंत्र चुकलं नाही, मी चुकले," त्या म्हणाल्या. "पलीकडचा काठ मोकळा आहे, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्हाला कुठं ठाऊक होतं? माझा खेळ झाडावर बसून लढाई बघणाऱ्याचा झालाय. तो खरा नाही. मला महिना द्या."

महिनाभर त्या बाईनं काय खपावं! सगळा खेळ उलटा करून टाकला. आता तुकडीच्या नायकाला नकाशा दिसायचा नाही, फक्त आलेला निरोप कळायचा. निरोप उशिरा यायचा, कधी चुकीचा यायचा, कधी आणणाराच वाटेत पडायचा. सुभेदारांनी नियम वाचले आणि पहिल्यांदा उघड बोलले, "बाई, हे खरं हाय. हे आमच्या शाळंत शिकवायला पायजे हुतं."

नवी कार्डं पुण्यात भोकं पाडून तपासायला घरी आली. मागं एकदा टेंभुर्णीच्या स्टँडवर बाईंची पिशवी फाटली होती, सगळी कार्डं विखुरली, क्रम गेला, आणि त्या घरी येऊन रडल्या होत्या. हे मल्लय्यांच्या मनात राहिलं होतं. या वेळी लेक कॉलेजात असताना त्यांनी काय करावं? प्रत्येक कार्डाला कडेला चार भोकं पाडली आणि मागाच्या कार्डांसारखी सगळी पक्क्या सुतानं एकात एक ओवून टाकली. बाईंनी पिशवी उघडली ती पुण्यात, यंत्रासमोर. तिथल्या माणसानं ती माळ उचलून धरली आणि हसत सुटला. उपऱ्या भोकांची कार्डं यंत्र कसलं वाचतंय! त्या महिन्याची वेळ गेली ती गेलीच.

"वडलांना काही बोलला न्हाईत ना?" सुभेदारांनी विचारलं.

"काय बोलू? दारात उभे होते. मला अम्माच म्हणतात ते. म्हणाले, अम्मा, क्रम नाही ना चुकला?" बाईंचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. "नाही चुकला, मी म्हणाले."

"मंग आता म्हैनाभर बसायचं."

"कशाला बसायचं? यंत्र तरी माझेच नियम चालवतं. ते झटपट चालवतं, मी हळू चालवीन."

एन.सी.सी.च्या खोलीत नकाशे मांडायला वाळू भरलेला मोठा लाकडी खोका होता. सुभेदारांनी त्यात ओढा कोरला, नीळ टाकून पाणी केलं, पलीकडच्या काठावर कापूस पसरून धुकं केलं. बाई कोष्टकं आणि सापशिडीतला फासा घेऊन फळ्यामागं बसल्या. तिथून त्या निरोप वाचणार, सुभेदारांनी हुकूम द्यायचा. सुभेदार खुर्चीत बसणार, एवढ्यात दारात सोजरबाई उभ्या. हातात भाकरीचं फडकं.

"ह्ये काय मांडलंय, सुभेदार? गौरी बसवताय का?"

सुभेदार गडबडले. टाळता आलं असतं, पण त्या दिवशी त्यांच्याच्यानं टाळवेना. "मावशी, ह्योच त्यो वढा."

सोजरबाईंनी फडकं खिडकीत ठेवलं. वाळूकडं कितीतरी वेळ बघितलं. "आन तुमी कुटं हुता?"

"हितं. ह्या अंगाला."

"सरका," त्या म्हणाल्या. "मी बसती तितं."

फळ्यामागून बाईंनी डोकं बाहेर काढून सुभेदारांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. बाई वाचायला लागल्या.

"धुकं आहे. पलीकडचं दिसत नाही. मागून मदत येणार होती, आली नाही. हुकूम काय?"

"पलीकडं कोन हाय?"

"माहीत नाही."

"मंग कुनाला तरी बगाय धाडा की!" सोजरबाई वैतागल्या. "डोळं मिटून पोरं घालायची व्हय पान्यात?"

"पाठवला," बाई म्हणाल्या. फासा घरंगळला. "वेळ होत आलीय. पाठवलेला माणूस अजून परत आला नाही. धुकं कमी होतंय. हुकूम काय?"

सुभेदारांनी भिंत धरली.

"काय म्हंजी?" सोजरबाई म्हणाल्या. "थांबा की! आपलं मानूस तिकडं हाय. त्याला टाकून कुटं जाता?"

त्यांचा हात वाळूच्या काठावर तसाच राहिला. मग हळूच वळून त्यांनी विचारलं, "सुभेदार, कोन गेलं हुतं बगाय?"

"भीमा," सुभेदार म्हणाले. एवढी वर्षं अडकलेलं नाव बाहेर पडलं आणि मग काही थांबेना. "भीमा गेलता, मावशी. त्याच्यासाठी थांबलो. येताना मला दिसला त्यो, हात हलवत हुता, पलीकडं मोकळं हाय म्हनून. अर्ध्या पान्यात हुता. आन अलीकडं तवर तिघं गेले हुते. त्यांनाबी आया हुत्या. कसं सांगू तुमाला?"

सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या, चांगल्या आवाज करून रडल्या. सुभेदारही रडले, लाज वाटली नाही.

मग सोजरबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि खुर्चीत नीट बसल्या. "बाई, पुन्यांदा इचारा," त्या म्हणाल्या. "आदी ठावं नवतं. आता ठावं हाय. आता इचारा."

बाईंनी निरोप पुन्हा वाचला. "पाठवलेला माणूस अजून परत आला नाही. धुकं कमी होतंय. हुकूम काय?"

सोजरबाईंनी निळीच्या ओढ्याकडं पाहिलं, पलीकडच्या कापसाकडं पाहिलं, आणि मग सुभेदारांकडं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून वाईच थांबा."

फळ्यामागं विजयमालाबाईंनी फासा उचलला, मुठीत धरला आणि टाकलाच नाही.