चार पावलं पुढे

"लिही, जमाव आमच्या अंगावर धावून आला," फौजदारसाहेब म्हणाले. "मोर्चा होता तोवर ठीक. धावून आले, दगड आले, की झाली दंगल. मग लाठ्यांचा जाब कोण विचारतो?"

जबाब माझा होता, मीच लिहून खाली सही करायची होती. मी शिपाई पंढरी, मोर्चा अडवताना साहेबांच्या शेजारीच उभा होतो. आणि समोर कोठडीचे गज धरून माझा थोरला भाऊ मोरू. उजवा हात गळ्यात बांधलेला. तो माझ्याच तुकडीने मोडला होता.

धावून आले म्हणे! कप्पाळ! त्र्याहत्तरची महागाई, यंत्रमागावरचे, लूमवाले कामगार भत्ता मागायला निघाले होते. वीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला ऐकू येतं का काही? त्या खडखडाटात कान कधीच गेलेले असतात. ही माणसं ओठ बघून बोलणं समजतात, कारखान्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाशी घरच्या गप्पा मारतात. साहेबांनी तोंडाला भोंगा लावला, "पांगा, नाहीतर लाठी चालवू!" भोंग्याने तोंडच झाकलं. काय म्हणतायत ते बघायला पुढची रांग चार पावलं पुढे आली. दादा सगळ्यांत पुढे. मला हे ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तोवर हुकूम सुटला. माझीही लाठी उठली. दादावर नाही, पण कुणाच्या तरी पाठीत बसलीच.

"साहेब, दगड नव्हते," मी म्हणालो. "ते नुसते बघायला पुढे आले."

"भाऊ आत आहे म्हणून सुचतंय होय? सही केलीस तर भाऊ दंगलीच्या गुन्ह्यात आत जाईल. नाही केलीस तरी जाईलच, वर तूही घरी बसशील. गावी अंबाडीला जाऊन गवत कापणार? घरात खाणारी तोंडं किती?"

सात. दादाचा लूम बंद, माझा पगार तेवढा चालू. सही करावी तर भावाला गाडायचं, न करावी तर सगळ्या घराला. पेन कागदाला टेकवलं, पुन्हा उचललं.

"सायेब!" कोठडीतून दादा ओरडला. तो नेहमीच असा मोठ्यांदा बोलायचा. मघापासून तो आमचे ओठ बघत होता, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. "धोंडा मीच मारला. ल्हवा. पंढरी पार मागं व्हता, त्याला काय दिसलं न्हाय."

"दादा, खोटं कशाला बोलतोस?"

"गप रं! तुला काय म्हाईत हाय? जा घरी. तुजी वयनी वाट बघत आसंल. तिला सांग, हात जास्त दुखत न्हाय."

साहेबांनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला. "कबूलच करतोय म्हटल्यावर तुझ्या जबाबाचं काम नाही. जा."

मी सलाम ठोकून बाहेर आलो, आणि पहिल्यांदा मनात काय आलं, तर सुटलो बुवा. भाऊ आत, आणि मी सुटलो! घरी जाऊन वहिनीला हाताचं सांगितलं, धोंड्याचा आळ दादाने आपल्यावर घेतला तेही सांगितलं. सुटलो असं वाटलं, हे एवढं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.