झाडलेली वाट

जसोदाबाईंनी घमेलं पाण्यानं भरलं आणि दोन्ही हातांनी उचलून ओट्याखाली आणून ठेवलं. महावीर सायकल भिंतीला टेकवून उभाच राहिला. त्यानं चाक खोललं नाही, की पिशवीतून ठिगळांची डबी काढली नाही.

"आज ट्यूबच नही शे, मावशी."

"ट्यूब नही? मंग हवा कशामा भरस?"

"टायरमाच." तो हसला आणि चाकापाशी उकिडवा बसला. "हात लावी पहा."

त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. टायर होतं तसंच जाडजूड, खाचाखाचांचं. वेगळं काही कळलं नाही.

महावीर म्हणजे शहाद्याच्या छगनलाल शेठचा नातू. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी तो ही जाड चाकांची सायकल घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जायचा, दगडाधोंड्यांतून चढायचा नि उतरायचा. कशासाठी, ते जसोदाबाईंना कधी उमगलं नाही. मात्र पायथ्याची गाडवाट त्यांच्या मळ्याला लागून जायची, मळ्याला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं, आणि मधूनमधून एखादा काटा महावीरला त्यांच्याच दारात उतरवायचा. घमेल्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडे शोधायचा, ठिगळ लावायचा, तांब्याभर पाणी प्यायचा नि निघायचा.

त्या तांब्यावर जसोदाबाईंचं जेवण अडलेलं असे. त्यांचे यजमान भिकनराव गेले त्या वर्षी त्यांनी नेम धरला होता: दारी आलेल्या एकाला तरी पाणी पाजल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही. कुणी आलंच नाही, तर दिवेलागणीला तुळशीला पाणी घालून मग जेवायचं. तेव्हा या वाटेनं बैलगाड्या जात, मजूर जात, शाळेची पोरं जात. नेम सकाळीच फिटायचा. पुढं डांबरी रस्ता कालव्यापलीकडून गेला. गुलाबबाई तेवढी आडवाटेनं कामाला यायची, तीही ऊसतोडीला गुजरातमध्ये गेली. मुलगा अमृत सुरतेत, त्याचा फोन यायचा, पण फोनवरून कुणाला पाणी पाजता येत नाही.

नेमाचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून पाजलं, तर ते पाजणं कसलं? ते मागणं झालं. हाक मारून थांबवणंही त्यातलंच. येणाऱ्यानं आपल्या पायांनी यावं.

"काटा घुसना तं?" त्यांनी विचारलं.

सायकलचा विषय निघाला की महावीरची अहिराणी सुटायची आणि पुण्याच्या कॉलेजातली मराठी यायची. "घुसू दे ना. आत पांढरा चीक घातलाय. भोक पडलं की तोच धावत जाऊन बुजवतो. आपल्याला कळतसुद्धा नाही. शिवाय हवा कमी ठेवता येते, म्हणून दगडावर चाक उसळत नाही, धरून चालतं."

"मंग यामा वाईट काहीच नही का?"

"आहे की. बसवताना जीव जातो. घरभर चीक झाला, मम्मीनं सायकलसकट मला अंगणात काढलं. उन्हाळ्यात तो वाळतो, पुन्हा घालावा लागतो. आणि धारदार दगडानं टायर बाजूनं फाटलं, तर चिकाचं काही चालत नाही. मग रस्त्यातच आत ट्यूब कोंबायची."

"म्हंजे, कधी कधी फाटस?"

"फाटस ना. पण क्वचित, मावशी."

तो पाणी प्यायला, घमेल्याकडं बघून म्हणाला, "आते याले सुट्टी," आणि गेला. जसोदाबाईंनी घमेल्यातलं पाणी केळीच्या बुंध्याला ओतलं.

त्यानंतर महावीर रोज जायचा तसाच जात राहिला. लांबून घंटी वाजवायचा, दारावरून जाताना एक हात वर करायचा. जसोदाबाईही हात वर करायच्या. त्यांच्या हातात खराटा असायचा. त्याला पहिल्यांदा काटा लागला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या कुंपणाकडेची वाट झाडत आल्या होत्या. काटे वाऱ्यानं पुन्हा यायचे ते यायचे. पण आपल्या कुंपणाचा काटा कुणाच्या वाटेत नको. आता त्याला काट्याचं काही नव्हतं, तरी त्या झाडत होत्या. भाकरी झाकून ठेवत होत्या. दिवेलागणीपर्यंत ती चिवट व्हायची.

आणि एका सकाळी खराटा भिंतीलाच राहिला.

रात्री वारा सुटला होता. काट्यांनी भरलेली एक फांदी वाटेत येऊन पडली होती. जसोदाबाई तिच्यापाशी गेल्या, वाकल्या आणि तशाच सरळ झाल्या. ओट्यावर येऊन त्यांनी माळ हातात घेतली. मणी सरकत होते, पण नाव कितीदा घेतलं ते त्यांना सांगता आलं नसतं. देवाकडं त्यांची पाठ होती.

घंटी वाजली. सायकल फांदीवरून गेली. फुस्स झालं, चाकातून पांढरे थेंब उडाले, चाक दोन फेरे फिरलं आणि आवाज बंद झाला. महावीरनं हात वर केला. तो पुढं गेला.

जसोदाबाईंनी डोळे मिटले. म्हणून ब्रेक आधी ऐकू आला, आणि तो माघारी आलेला नंतर दिसला.

"मावशी, बरं नही का?"

"का रे?"

"वाट झाडेल नही शे आज."

आजारी आहे म्हटलं असतं, तर ते सोपं होतं.

"बरी शे मी," त्या म्हणाल्या आणि तांब्या आणायला आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा महावीर फांदी उचलून कुंपणापलीकडं टाकत होता. चाकात काटा तसाच रुतलेला होता.

"तो काढ ना."

"राहू दे. काढला तर उगाच हवा जाईल. चीक त्याला धरून बसलाय." तो पाणी प्यायला. "घाबरलो ना मी. वाट झाडलेली दिसली की समजतो, मावशी ठीक आहेत. मग सरळ पुढं जातो."

तो गेल्यावर त्यांनी ताट वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी सकाळची भाकरी मऊ होती. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जसोदाबाईंनी खराटा घेतला. कुंपणाच्या टोकापर्यंत झाडलं. मग टोकाच्याही पुढं, वळणावरच्या चिंचेपर्यंत झाडत गेल्या.

घंटी वाजली. महावीरनं स्वच्छ वाटेकडं पाहिलं, हसून हात वर केला आणि वळणावर दिसेनासा झाला.

जसोदाबाईंनी भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं. दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश होता.