धुऊन ठेवलेली उभारी

मी बंडीची एक जुनी उभारी आहे. मित्रांनो, बैलबंडी तुम्ही पाहिली असेल, माझ्याकडं लक्ष गेलं नसेल. बंडीच्या दोन्ही कडांना भोकं असतात. माल सांडू नये म्हणून त्यांत छातीएवढे दांडे उभे करतात. त्यातला एक दांडा म्हणजे मी. आम्हाला खिळा नसतो, हातानं ओढलं की आम्ही बाहेर. म्हणून आमच्या झाडीपट्टीत भांडण पेटलं की हात आधी उभारीवर जातो.

मी धावड्याच्या लाकडाची. वडशाजवळच्या एका गावात मुखरूभाऊ नावाच्या शेतकऱ्यानं मला सुताराकडून तासून घेतलं, तेल पाजलं आणि म्हटलं, "धावडा हाय. मी मरन, हे मोडनार नाई." पुढं कितीक हंगाम मी धानाचे भारे सावरले. मुखरूभाऊंची लेक मयुरी सासरी जाताना मलाच धरून रडली. त्यांचा पोरगा प्रणित मला धरून उभं राहायला शिकला.

मग कार्तिकातली ती दुपार आली. खळ्यावर बंडी सोडलेली होती. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागं पियुष आणि बुधू बसले होते. दोघं गावातलेच, विशीतले. पियुष सायकली दुरुस्त करायचा, बुधू नाटकाच्या मंडपात दिवे लावायचा. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. त्याला दुसरा शब्द नाही. बुधूचं डोकं पियुषच्या मांडीवर होतं आणि पियुष त्याला उकडलेले शिंगाडे सोलून भरवत होता.

प्रणित दोन दोस्तांना घेऊन आला. "काऊन बे, नवरा-बायको होऊन राह्यले का?"

बुधूला थट्टा वाटली. "जळतं का तुले? घे, शिंगाडा खा."

प्रणितनं मला उपसलं.

पहिला घाव पियुषच्या गुडघ्यावर बसला. वाटी फुटलेली मला कळली. बुधू हात वर करून आडवा आला. त्याच्या मनगटातल्या स्टीलच्या कड्यानं माझ्या अंगावर खाच पाडली. "प्रण्या, एका बाकावर बसलो बे आपण," तो म्हणाला. दुसरा घाव त्याच तोंडावर पडला. तो खाली कोसळला. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर मग मला पुन्हा पुन्हा हाणलं गेलं.

"बस कर, मेला तो," एक दोस्त म्हणाला.

"असे मेलेच पायजे," प्रणित म्हणाला आणि आणखी एक घातला. बुधूच्या तोंडात शिंगाडा तसाच होता.

संध्याकाळी मुखरूभाऊंनी मला बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, पाण्यात धुतलं, राखेनं घासलं आणि पुन्हा भोकात उभं केलं. पोलिसांना त्यांनी बैल हाकायची वेळूची काडी काढून दिली.

कोर्टात ती काडीच गेली. तिथलं सारं मी बंडीत बसणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. प्रणितचे वकील म्हणाले, काडीनं कोणी खून करतं का? पोरगा बांधावरच्या दगडावर आपटला. शिवाय घाणेरडं काही पाहून या पोराचा तोल गेला. वय कोवळं, गुन्हा पहिलाच. अहो, बुधूचंही वय कोवळंच होतं आणि मरणही पहिलंच होतं.

"काडी नोहती साहेब, उभारी होती," पियुष कुबडीवर उभा राहून सांगत होता. त्याला उलट विचारलं गेलं, तू त्या मुलाबरोबर काय करत होतास? खुनाचं कलम काढून टाकलं गेलं. प्रणितला सात वर्षांची शिक्षा झाली. मेलेला पोरगा पोरावर प्रेम करत होता, म्हणून त्याचा जीव स्वस्तात गेला.

दोन वर्षांत प्रणित पॅरोलवर, म्हणजे कैद्याला मिळते त्या सुट्टीवर, घरी आला. कारण दिलं होतं, वडील गंभीर आजारी. ते आजारी वडील स्वतः बंडी हाकत त्याला आणायला स्टेशनावर गेले होते. गुलाल उधळला गेला. प्रणित मला धरून उभा होता, लहानपणी धरायचा तसाच. पियुषच्या दुकानासमोर त्यानं बंडी थांबवायला लावली.

"काऊन लंगड्या, एकटाच? तुयी बायको कुठी गेली?"

लोक हसले. पियुष पाय ओढत बंडीजवळ आला. त्याची नजर माझ्या खाचेवर पडली. त्यावरून त्यानं बोट फिरवलं आणि मला उपसलं.

हसणं थांबलं. प्रणित बंडीच्या दुसऱ्या टोकाला सरकला. मित्रांनो, खरं सांगते, मला वाटलं, हाण.

"ठेव बापू ते," मुखरूभाऊ कासरा आवळत म्हणाले. "जुनं लाकूड हाय."

"जुनं नाई भाऊ. धुतलेलं हाय."

त्यानं मला जमिनीवर टेकवलं आणि माझ्यावर भार देत तो ठाण्याकडं चालू लागला.

"केस संपली," ठाण्यातले साहेब म्हणाले. "हे लाकूड आता मी कुठी ठेवू?"

तेव्हापासून मी पियुषच्या दुकानाच्या दारात उभी असते. बुधूची माय रुखमाबाई वरच्या कोर्टात गेली आहे. तारखेला दोघं मला घेऊन जातात. प्रणितची सुट्टी वाढली आहे. मुखरूभाऊ मला मागायला आले नाहीत, कारण मागायचं तर ओळखही सांगावी लागेल. त्यांची बंडी एक भोक रिकामं ठेवून रस्त्यानं जाते. गाव ते पाहतो आणि मान वळवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू धुऊन-पुसून नीट ठेवाव्यात, असं तुम्हाला शिकवतात. मला धुऊ नका. तेलही पाजू नका, नाहीतर ती खाच बुजेल. बुधूनं हात वर केला होता, त्याची तेवढीच साक्ष उरली आहे.