अकरा नंबरचं भोक

कथील शोधणारी ती कंपनी म्हणजे जेमतेम पाच माणसं, एक ड्रिलिंग मशीन आणि साहेबांचा दांडगा आशावाद. दहा भोकं फुकट गेली होती. अकराव्यावर साहेब सकाळपासून ठाण मांडून होते.

वर येणारा खडक तपासायचं काम भूगर्भवाल्या मॅडमचं. चाळीस मीटरवर मशीनचा पाइप एकदम सैल सुटला आणि हातभर खाली घसरला. वर आलेल्या नळीत खडक नव्हताच; कुजलेलं लाकूड होतं आणि त्याला चिकटलेला चामड्याचा तुकडा. मॅडमने नकाशा पुन्हा पाहिला. नकाशात इथे खाण नव्हती.

मशीन चालवणारे काका साठीचे. त्यांनी पाइपाला कान लावला आणि पांढरेफटक पडले.

"मॅडम, खाली कुणीतरी ठोकतंय."

तिनेही कान लावला. टक. टक टक. मग शांतता.

"पाणी ठिबकतंय, काका," ती म्हणाली खरी, पण तिचं तिलाच पटेना. पाणी असं थांबून कानोसा घेत नाही.

"माझा बाप याच डोंगरात चोरून खणायचा. सुरुंगात उजव्या हाताची दोन बोटंही गेली होती त्याची," काका हळूच म्हणाले. "मी सात वर्षांचा असताना गेला तो आलाच नाही. लोक म्हणाले, बाई घेऊन पळाला. आईनंही तेच धरलं."

साहेबांनी ऐकलं. "भोक बुजवा, दहा मीटर सरका. बोभाटा झाला तर परवाना गेलाच समजा. गाडलेली मढी उकरून कुणाचं भलं झालंय?"

काकांनी मान खाली घातली. मॅडमने मात्र वहीत लिहिलं, 'जुनं खोदकाम, आत माणसं असावीत,' आणि तिथूनच खाण खात्याला फोन लावला.

दीड महिन्याने भुयार उघडलं. भिंतीला टेकून तीन सांगाडे बसलेले. एकाच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. काका त्या हातापाशी वाकले.

"हाच," एवढंच ते बोलले.

परवाना गेला, कंपनीला टाळं लागलं. साहेबांनी मॅडमशी बोलणं टाकलं. तरी ती काकांबरोबर त्यांच्या आईकडे गेली. म्हातारी खिडकीपाशी बसली होती.

"आई, बाबा पळाले नव्हते गं. दरड कोसळून आत अडकले होते."

म्हातारीने खिडकीवरून नजर वळवली. मग तिने विचारलं, "किती दिवस जिवंत होता रे आत?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने नजर चुकवली.

"आणि मी इथं बसून त्याला तळतळाट देत होते," म्हातारी म्हणाली, आणि तिने पदर तोंडात कोंबला.