काळी चटई आणि तीन पावले

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. माझ्या काळ्या रंगावर जाऊ नका. माझ्या पोटात कार्बनची बारीक पूड आहे. कुणी मला दाबले की तिचे कण एकमेकांना भिडतात आणि इलेक्ट्रॉन एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे जातात. मग तारेने जोडलेला दिवा लागतो.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका आईने मला आपल्या लेकीसाठी बनवले. चिमीला डाउन सिंड्रोम आहे. तिचे स्नायू सैल, सांधेही सैल. त्यामुळे मान धरणे, बसणे, सारे तिला उशिरा जमले. अडीच वर्षांची झाली तरी ती स्टूल धरून उभी राही, पण हात सोडून पाऊल टाकत नसे. आईला त्याचाच घोर लागला होता.

माझ्यावर उभे राहिले की समोरच्या टेबलावर दिवा लागे. पण पोरगी भारी बेरकी! चार दिवसांत ती फतकल मारून बसली आणि हातानेच मला थापट्या मारू लागली. आईने कपाळाला हात लावला. व्यायाम शिकवणाऱ्या ताई मात्र पोट धरून हसल्या.

"अहो, डोकं धावतंय तिचं! पायांना जरा वेळ द्या."

त्यांनी दिवा पुस्तकांच्या आड ठेवला, उभे राहिल्यावरच दिसेल असा. झाले, बाईसाहेब नाइलाजाने उभ्या राहू लागल्या.

पुढे धाकटी मावशी राहायला आली. तिला आवराआवरीची भारी हौस. तिने माझी चौपदरी घडी घालून वर गाद्या रचल्या. मी आतून मोडले.

सकाळी चिमी स्टूल धरून माझ्यावर उभी राहिली. दिवा लागेना. तिने पाय आपटला. तरी नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चिमीने दिव्याकडे रागाने पाहिले, स्टूल सोडले आणि पाऊल टाकले.

"अगं, पडेल ती!" मावशी धावली.

"धरू नकोस तिला," आई म्हणाली.

दुसरे पाऊल. तिसरे. चिमीने टेबलाची कड पकडली आणि दिव्याला एक चापट दिली. आई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसू लागली.

आता मी कपाटात असते. माझी घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. आणि मित्रांनो, कुणाला पाऊल टाकायला वेळ लागत असेल, तर त्याला चटकन उचलून घेऊ नका. हात जवळ ठेवा, पण थांबा.