शिवमूर्तीला सांगायचं

लिंगराजने दुकानाच्या ओट्यावरचं मिठाचं पोतं कवेत घेऊन उचललं आणि बैलगाडीत ठेवलं. पोत्याखालची फरशी इतक्या वर्षांच्या ओलीने पांढरी पडली होती. शेजारच्या रंगनाथने किती किलो लागेल म्हणून विचारलं, तेव्हा लिंगराजने नुसती मान हलवली. मयताचं मीठ तोलायचं नाही, हा त्याच्या बापाचा, नागनाथअप्पांचा नियम होता. मानवतच्या लिंगायतांत कुणी गेलं की खड्ड्यात मयताभोवती ओतायला अप्पा अख्खं पोतं गाडीत घालून द्यायचे आणि पैशाचं नाव काढायचे नाहीत. आज पहाटे दम्याच्या उबळीत अप्पाच गेले होते.

आत ओसरीवर त्यांना भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. टकलावर मागपर्यंत भस्म लावलं होतं. हयातीतही ते असंच लावायचे, आणि त्यांची नात नीला एकदा म्हणाली होती की अप्पाला भस्म लय लागतं, कारण अप्पाचं कपाळ कुठं संपतं ते त्यालाच ठाऊक न्हाई. तेव्हा अप्पा स्वतःच खो खो हसले होते.

मठाचे स्वामी सिद्धम्मापुढे बसले होते. सिद्धम्मा म्हणजे अप्पांची बायको, पन्नाशीची, काटक. तिच्या गळ्यात चांदीच्या डब्यांत घालून दोऱ्यात ओवलेली दोन लिंगं होती. एक तिचं आणि दुसरं धाकट्या लेकाचं, शिवमूर्तीचं.

"अप्पाची शेवटची इच्छा हाय, मला बी बोलले व्हते, सिद्धम्मा," स्वामी म्हणाले. "पोराचं लिंग त्यांच्या हातात जाऊ द्या. त्याच्या नावानं बी माती पडंल."

"तो आला तर काय देऊ त्याला?" सिद्धम्माने विचारलं.

स्वामींनी लिंगराजकडे पाहिलं. लिंगराजने खाली पाहिलं. गेली दोन वर्षं या प्रश्नावर या घरात सगळ्यांनी खालीच पाहिलं होतं.

शिवमूर्ती नौदलात होता. मॅट्रिक झाला, औरंगाबादला भरतीला गेला, आणि ज्याने दुधना नदीच्या डोहापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं तो जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला लागला. एकाहत्तरच्या डिसेंबरात दीवजवळच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुडीने ते जहाज बुडवलं. रेडिओवर खबर आली तेव्हा मोंढ्यातले हमालसुद्धा हातातली पोती ठेवून उभे राहिले. मग तार आली. बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे, असा अर्थ पोस्टमास्तरांनी सांगितला. सिद्धम्माने त्यातला पहिला शब्द तेवढा धरला. बेपत्ता माणूस सापडतो. गावातली जनावरंसुद्धा सापडतात. पुढच्या वर्षी पाकिस्तानातून कैदी सुटले तेव्हा ती आठ दिवस मानवत रोड स्टेशनावर जाऊन बसली. गाडीतून सरकीचे व्यापारी उतरायचे, लग्नाचे वऱ्हाडी उतरायचे. नवव्या दिवशी अप्पा तिला हाताला धरून घरी घेऊन आले.

तार आली त्या दिवसापासून तिने मीठ सोडलं होतं. तो येईपर्यंत अळणी खाणार. मिठाच्या दुकानदाराची बायको अळणी खाते म्हणून पहिल्यांदा बायकांनी कुजबूज केली, मग तीही थांबली.

तिच्या मनातलं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं आणि ते तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जन्मापासून उतरत नाही. तो गेला की ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर मातीत देतात. शिवमूर्ती शेवटचा सुटीवर आला, तेव्हा जाताना सिद्धम्माने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं होतं. कामाच्या गडबडीत दोरा तुटला, लिंग समुद्रात पडलं तर केवढं पाप, या भीतीने. मठात विचारलं नाही, नवऱ्यालाही विचारलं नाही. मग मी पूजा कशाची करू, असं शिवमूर्तीने हसत विचारलं. तुझ्या वाटची मी करते, असं ती म्हणाली. लिंग पाण्यात जाऊ नये म्हणून तिने ठेवून घेतलं आणि लेक पाण्यात गेला. रोज दोन वेळा ती दोन्ही लिंगांची पूजा करायची.

शिवमूर्तीचा आपल्या पुतणीवर भारी जीव होता. लिंगराजची नीला तेव्हा तीन वर्षांची होती. दर पत्रात त्याचा एक प्रश्न ठरलेला, टवळी नवीन काय बोलली? सिद्धम्माला लिहिता येत नव्हतं. नीला काही बोलली की ती आधी पोट धरून हसायची आणि मग सुनेला सांगायची, मालन, लिहून ठेव, शिवमूर्तीला सांगायचं. मालनने त्यासाठी एक शाळेची वही केली होती आणि वर तेच नाव घातलं होतं. त्या साली पाऊस बेताचा झाला, आड आटला. तेव्हा नीला म्हणाली होती, काकाच्या घराखाली एवढं पाणी हाय, तर एक घागर धाडून द्यायला काय झालं त्याला? हे पत्रातून गेलं आणि त्याचं उत्तरही आलं. टवळे, इथलं पाणी खारट आहे, पिता येत नाही, पण अप्पाच्या दुकानाला शंभर वर्षं पुरेल एवढं मीठ आहे, तेवढं घेऊन जा. ते पत्र अप्पांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं.

तारेनंतरही वही थांबली नाही. नीला बोलायची, सिद्धम्मा म्हणायची, लिहून ठेव. फक्त आधीचं हसणं गेलं. आल्यावर त्याला एकदम सगळं सांगता येईल, असं ती म्हणायची. मालन मान खाली घालून लिहायची आणि वही कोनाड्यात ठेवून चुलीपुढे बसून डोळे पुसायची. धुराने डोळे चुरचुरतात म्हणायला चूल बरी पडते.

दहा दिवसांपूर्वी, नऊ डिसेंबरला, शाळेत गेल्या वर्षीप्रमाणे शिवमूर्तीच्या फोटोला हार घातला होता. हेडमास्तर देशावरच्या आघाताबद्दल बोलले. मग सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं होतं. नीला पहिलीत, शहिदाची पुतणी म्हणून सगळ्यांच्या पुढे. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तिने खणखणीत आवाजात विचारलं,

"गुरुजी, काकानं काय केलं म्हनून आमाला उभं केलंय?"

वर्गात उभं करणं म्हणजे शिक्षा, एवढंच तिला ठाऊक होतं. पाहुणे जमिनीकडे पाहू लागले. हेडमास्तरांनी ओठ घट्ट मिटले. अप्पांना मात्र हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कितीतरी वेळ थांबलं नाही. घरी परतताना ते वाटेत एका पारावर टेकले आणि सिद्धम्माला म्हणाले,

"पोरीचं खरं हाय बग. त्यानं काय केलं म्हनून आपुन दोन वर्सं उभं ऱ्हायलाव? आता बसू दे समद्याला. मी गेलो की माझं लिंग डाव्या हातात अन् त्याचं उजव्या हातात दे. मी नेतो त्याला."

घरी येऊन सिद्धम्माने नीलाचं बोलणं वहीत लिहायला लावलं. अप्पांचं लिहायला लावलं नाही.

दुपार कलताना अप्पांना बसत्या पालखीतून नेलं. पुढे भजन, मागे बायका, सगळ्यांत मागे मिठाची गाडी. गावाबाहेर समाजाच्या जागेत पुरुषभर खोल खड्डा खणला होता आणि आत एका बाजूला बसण्यापुरता कोनाडा कोरला होता. लिंगराज आणि दोघे-तिघे आत उतरले. अप्पांना कोनाड्यात मांडी घालून बसवलं. स्वामींनी त्यांचं लिंग डाव्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला. तो उघडाच राहिला. स्वामींनी वर पाहिलं. सिद्धम्मा खड्ड्याच्या काठावर उभी होती, तिने पदर छातीशी ओढून घेतला. स्वामींनी बेल वाहिला, भस्म टाकलं आणि मिठाची पहिली टोपली खाली दिली. मीठ अप्पांच्या मांडीवर पडलं, थोडं त्या उघड्या हातात साठलं.

खडेमिठाचा तेवढा आवाज येत होता. तिसरी टोपली झाली तशी नीलाने आजीचं लुगडं ओढलं.

"आज्जी, अप्पाला एकच पोतं?"

मालनने तिला मागे घ्यायला हात पुढे केला.

"काकाला लय मीठ हाय," नीला म्हणाली. "शंभर वर्सं पुरंल इतकं. मग तो बी असाच मांडी घालून बसलाय का, खाली?"

कुणी हसलं नाही. कुणी पोरीला दटावलंही नाही. मालनने सवयीने सासूकडे पाहिलं, आता ती म्हणणार, लिहून ठेव. सिद्धम्मा म्हणाली नाही. ती खड्ड्यात पाहत होती. कमरेपर्यंत मिठात बसलेला आपला नवरा ती जणू पहिल्यांदा पाहत होती.

मग तिने मानेमागे हात नेला आणि दुसऱ्या लिंगाचा दोरा सोडला.

लिंगराजने खालून दोन्ही हात वर केले. "दे, अव्वा," तो म्हणाला. इतका वेळ बापासाठी न आलेलं रडू त्याला आता आलं. सिद्धम्माने ती चांदीची डबी मुठीत धरली. अप्पांच्या उजव्या हाताकडे, त्यावरच्या मिठाच्या ढिगाकडे पाहिलं. आणि दोरा पुन्हा गळ्यात घालून तिने त्याची दोनदा गाठ मारली.

"न्हाई," ती म्हणाली. "वता मीठ."

काठावरच्या माणसांत चुळबुळ झाली. मेलेल्या नवऱ्याचा शब्दसुद्धा बाईने ठेवला नाही, असं एक म्हातारं पुटपुटलं, आणि त्याचं फार चुकलं होतं असंही नाही. लिंगराजने वर केलेले हात खाली घेतले आणि टोपली घेतली. राग येऊन उपयोग नव्हता. त्याने उरलेलं मीठ भराभरा ओतलं, अप्पांचा चेहरा झाकला जाईपर्यंत थांबला नाही, आणि वर आल्यावर आईकडे न पाहता हात झटकले.

घरी येऊन आंघोळी होईपर्यंत दिवेलागण झाली. शेजारच्या सरजाबाईंनी भाकरी आणि वरण पाठवलं होतं. सिद्धम्मासाठी वेगळ्या वाटीत अळणी वरण होतं, एवढ्या गडबडीतही त्या बाई विसरल्या नव्हत्या. मालनने ती वाटी सासूपुढे ठेवली. सिद्धम्माने ती बाजूला सारली.

"समद्यांतलं वाढ मला."

मालनचा हात भांड्यावर थबकला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग वाढलं. सिद्धम्माने भाकरीचा तुकडा त्या वरणात बुडवून तोंडात घातला. दोन वर्षांनी जिभेला मीठ लागलं, तशी तिने डोळे मिटून घेतले. घास गिळायला तिला बराच वेळ लागला. लिंगराजचा घास हातातच राहिला होता.

"लिंगा," ती म्हणाली, "दीवला जायला मानवत रोडहून गाडी हाय का?"

"मनमाडपर्यंत हाय. तितून पुढचं इच्यारावं लागंल." त्याच्या आवाजात अजून दुपारचा राग होता. "कशाला, अव्वा?"

"त्याचं लिंग द्यायचंय."

लिंगराजने हातातला घास ताटात ठेवला.

"त्याला माती न्हाई मिळाली म्हनून मी दोन वर्सं झुरले. पोरगी म्हनती, मीठ मिळालं. बसायला जागा मिळाली. तेवढा हात रिकामा हाय त्याचा." ती थांबली. गळ्यातल्या डबीवर तिचा हात गेला. "समुद्रात पडंल म्हनून म्याच काढून घेतलं व्हतं. मग ते अप्पाच्या हातात कशाला देऊ? ज्याचं त्याला नेऊन देते."

लिंगराजने ताट सारलं आणि आईच्या जवळ सरकून बसला. नीला ताटातच पेंगायला लागली होती, तिला त्याने मांडीवर घेतलं.

मालनने खरकटं काढलं, हात धुतले आणि रोजच्या सवयीने कोनाड्यातली वही खाली घेतली. पेन्सिल हातात धरून ती जरा घुटमळली.

"आत्याबाई, नीलाचं आजचं लिहू का?"

"नको," सिद्धम्मा म्हणाली. "वही संग घे. पन आजचं लिहू नको. तेवढं म्या तोंडानं सांगन त्याला."