तपासणीच्या वहीतले गुरुवार

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. माझ्या निळ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘तपासणी नोंदवही’ असं छापलेलं आहे. माझी गोष्ट सांगताना मला मान वर करता येत नाही, पण जे घडलं ते झाकून ठेवणं वहीला शोभत नाही. म्हणून सांगते.

भोसरीच्या एका छापखान्यात आम्हां दोनशे बहिणींची बांधणी झाली. उजव्या पानावर दिनांक, भाग, शेरा असे रकाने आणि डावं पान कोरं. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात आम्हाला धाडलं, तिथे गाड्यांचे सुटे भाग तपासून नोंद करायची असे. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही, हा त्या खात्याचा नियम. मला तो फार आवडला होता. पण माझा नंबर लागायच्या आतच कंपनीत नोंदींसाठी टॅब आले आणि आम्ही कपाटात धूळ खात पडलो. रद्दीची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा तपासणी खात्यातल्या निशिगंधाने साहेबांना विचारून मला उचललं. माझ्या जिवात जीव आला.

निशिगंधाला चित्रांचं वेड होतं. डबा लवकर संपवून ती उरलेल्या दहा मिनिटांत सोबतिणींचे हात, उलटी ठेवलेली हेल्मेटं, खिडकीतलं मांजर, जे समोर येईल ते माझ्या कोऱ्या पानांवर उतरवायची. बायका कौतुकाने मला हातोहात फिरवायच्या. मी तर फुलून जायचे.

आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी संग्रहालयांत गर्दी नसते, हे निशिगंधाने हेरलं. माझ्या रकान्यांत ती बेत आखू लागली. कुठलं दालन कधी बंद असतं, कुठे नुसती पेन्सिल चालते, शाळांच्या सहली कितीला येतात, नाशिक फाट्यावरून मेट्रो पकडली तर किती वाजता पोचता येईल, सगळं फोन करून विचारून लिहायची. एका खेपेला एकच दालन आणि तीनच वस्तू, असा तिचा शिरस्ता होता. निशिगंधाबाईंचा बेत पंचांगाहून पक्का असे.

आता माझा दोष सांगते. निशिगंधा मोशीला दोन खोल्यांत राहायची. नवरा समाधान दुसऱ्या कंपनीत, त्याची सुट्टी रविवारी. लेक ओवी पाच वर्षांची. घर सांभाळायला सासूबाई मंजुळाबाई परभणीकडच्या गावाहून आल्या होत्या. पहिल्याच गुरुवारी निशिगंधा मला काखेत घेऊन निघाली, तेव्हा माझ्या पुठ्ठ्याकडे बघून मंजुळाबाईंनी विचारलं की आज पण कंपनी बोलावती का. सुट्टीच्या दिवशी लेकराला सोडून चित्रं काढायला चालले, हे सांगायला निशिगंधाची जीभ रेटेना. तिने मान डोलावली. मग दर दोन-तीन आठवड्यांनी तिला ओव्हरटाइम लागू लागला. मंजुळाबाई पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, सुनेच्या डब्यात मुद्दाम ठेचा जास्त घालायच्या. तो डबा निशिगंधा संग्रहालयाच्या पायरीवर बसून खायची, आणि पुढच्या खेपेचा बेतही तिथेच लिहायची. माझ्या पुठ्ठ्यानेच ते खोटं खरं करून दाखवलं होतं.

मंजुळाबाईंची धाकटी बहीण कस्तुराबाई आळंदीला घाटाजवळ तुळशीच्या माळा विकायच्या. मोशीहून आळंदी हाकेवर, पण दोघी बहिणींची भेट तीन-चार महिन्यांतून एकदा व्हायची. एका बुधवारी संध्याकाळी कस्तुराबाईंचा फोन आला. मुलगा त्यांना कायमचं सुरतेला न्यायला आला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. इकडे ओवीला कांजिण्या आलेल्या. सुकत आल्या होत्या, पण तिला घेऊन बसमध्ये चढण्यासारखं नव्हतं. समाधानची सकाळची शिफ्ट होती आणि त्याला रजा मिळेना.

मंजुळाबाईंनी चाचरत विचारलं, “उद्याच्या दिस घरी थांबती का, पोरी? दोन घंट्यांत येते मी. कस्तुराला एकदा बघून येते.”

त्या गुरुवारसाठी निशिगंधाने दीड महिना खटपट केली होती. दालनात खाली बसून चित्र काढायची लेखी परवानगी तिला त्या एकाच दिवसाची मिळाली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “उद्या जमणार नाही, आई. ऑडिट आहे, सगळ्यांना बोलावलंय.”

“मग ऱ्हाऊ दे,” मंजुळाबाई म्हणाल्या. “कंपनीचं काम, ते का आपल्या हातात हाय.”

दुसऱ्या दिवशी निशिगंधाने माझ्यावर एक पितळी अडकित्ता काढला. मित्रांनो, इतकं देखणं चित्र माझ्यावर दुसरं नाही. पण ते काढताना तिचा हात दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा तिने घड्याळ पाहिलं. आत्ता उठून घरी गेली तरी सासूबाईंना बहिणीची गाडी सुटायच्या आत पोचता येणार नाही, हे तिला कळत होतं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ओवी झोपली होती. कस्तुरा फोनवर रडली, एवढंच मंजुळाबाईंनी सांगितलं आणि सुनेला ताट वाढलं.

निशिगंधाने दहा दिवस माझ्यावर रेघ ओढली नाही. मग एका दुपारी तिने मला उघडून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि गुरुवारी आपण कुठे जात होतो ते सांगितलं. मंजुळाबाईंना अक्षरं जेमतेम लागायची, पण आकडे वाचता येत. त्यांनी समया पाहिल्या, दरवाजे पाहिले, अडकित्त्याशी थांबून शेजारच्या तारखेवर बोट ठेवलं. ती कस्तुराबाईंच्या गाडीची तारीख होती.

“म्या खोदून इचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस का?”

“नाही,” निशिगंधा म्हणाली. तिला रडू फुटलं.

मंजुळाबाईंनी तिला जवळही घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. एक कोरं पान काढून त्या म्हणाल्या, “इतकं हुबेहूब येतंय तुला. मग मला कस्तुराचं तोंड काढून दे.”

निशिगंधाने पेन्सिल घेतली. पण कस्तुराबाईंना तिने आजवर नीट पाहिलंच नव्हतं. एका लग्नात आणि एकदा बस थांब्यावर, तेही घाईत. मंजुळाबाई सांगत गेल्या, नाक असं न्हाई, कपाळ रुंद हाय, हसताना डावा गाल आधी हलतो. ती काढत गेली आणि खोडत गेली. आजही अधूनमधून ती तो चेहरा काढायला बसते. मंजुळाबाई डोकावतात, मान हलवतात आणि आपल्या कामाला लागतात. माझं ते पान खोडून खोडून इतकं विरलंय की त्याच्या आरपार दिसतं.

मित्रांनो, वह्या सांगतात की आमची पानं फाडू नका, आम्हाला ओलं करू नका. माझं मागणं वेगळं आहे. चित्रं जरूर काढा, संग्रहालयांत जरूर जा, पण घरी सांगून जा. काचेमागच्या वस्तू पुढच्या गुरुवारीही तिथेच होत्या. कस्तुराबाई सुरतेला पोचल्या आणि पावसाळा संपायच्या आत वारल्या. मंजुळाबाईंकडे त्यांचा एकही फोटो नाही.